तांबसड्याची दारातली कण्हेर

कण्हेर विषारी असते. पान, फूल, शेंग, सगळीच. हे मला शाळेपासून माहीत आहे आणि तांबसड्याला राहायला आल्यापासून याच माहितीने माझी झोप उडवली आहे. चैत्र लागला की इथली घरे चुन्याने पांढरीशुभ्र होतात, जोत्याला गेरूचा पट्टा येतो, अंगणात चैत्रांगण उमटते. आणि दाराशी, जिथे शहाणा माणूस जाई लावेल, तिथे गुलाबी कण्हेर. घरोघरी. आमच्या भाड्याच्या घराचे दार तेवढे मोकळे. माझी तीन वर्षांची मुक्ता अजून दिसेल ते तोंडात घालते.

शेजारच्या जयवंताकाकू "पाडव्याला तुमच्या दारात फांदी लावू हं" असे दोनदा म्हणून गेल्या. इतका आग्रह कशासाठी? मी देवळातल्या भिकाजी गुरवांना विचारले. येणाऱ्या-जाणाऱ्याला गावची कथा तेच सांगतात.

"या गावात आलेली हरेक नवी बाई हेच विचारते," ते म्हणाले. "बसा."

फार पूर्वी, असे सांगतात, गावात एकच कण्हेर होती. हौसा नावाच्या सुनेने ती माहेराहून आणली होती. चैत्रात झाड फुलले की तिच्या पांढऱ्या भिंतीपुढे माणसे थबकत. बाया मात्र नाक मुरडत. फांदी मागायची कुणाची तयारी नव्हती. हौसाला मूलबाळ नव्हते, त्यामुळे तिच्या झाडाचेही वाईटच बोलले जाई.

एका चैत्रात शेजारणीचे, रंगूचे, रांगते पोर हौसाच्या अंगणात गेले आणि त्याने पाने चघळली. पोर ओकून ओकून निपचित पडले. रंगूने टाहो फोडला, "हिनंच चारलं! वांझेच्या डोळ्यांत माझं लेकरू सलत होतं!" गाव जमला. झाड तोडा, हिला वेशीबाहेर काढा, असे ठरले.

हौसाने ग्रामदेवीकडे तोंड केले. "पोर जगलं तर झाड राहील. त्याच्या वाटचं मी घेते," एवढेच म्हणाली आणि ओंजळभर पाने तिने चावून खाल्ली. दिवस मावळताना पोराने डोळे उघडले. हौसाने मिटले.

मग म्हणे रंगूला वाचा फुटली. पोर नजरेआड झाले तेव्हा आपण दारात चैत्रांगण काढत होतो, असे तिने कबूल केले. हौसाच्या दारापुढे कोण थबकते, तिच्या झाडाकडे कोण बघते, याकडे तिचे डोळे होते. पोर कुठे गेले ते तिने पाहिलेच नव्हते. हौसाच्या झाडाची फांदी तिने स्वतःच्या दारात रोवली. "आता इख माझ्याबी दारात हाय. बोट कुणाकडं दाखवू?"

मला कथा पटली नाही. पोराने पाने ओकून टाकली असतील, म्हणून वाचले असेल. आणि मेलेल्या बाईचा नवस फेडायला सगळ्या गावाने विष पेरायचे?

"त्यापेक्षा जाई लावली असती," मी म्हणाले.

"जाईला कोण भितं, ताई?" गुरव म्हणाले. "भ्या नसलं की ध्यानबी नसतं."

आजही पाडव्याला शेजारीण शेजारणीच्या दारात फांदी लावते, आणि त्या दिवसापासून त्या घरच्या पोरावर नजर ठेवणे तिच्याही अंगावर येते. कुणाचेही मूल झाडाकडे वळले की जी बाई पाहील ती हाक देते, "कडू!"

पाडव्याला जयवंताकाकू फांदी घेऊन आल्याच. नको म्हणायची वाक्ये मी पाठ केली होती, पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खड्डा खणायला घेतला. मी त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिले. पदराखाली आणखी काही आहे का? हसतात कशाला? माती दाबताना ओठ का हलले? फांदीची खाली गळालेली पाने मी मोजावीत की काय, असेही मनात आले.

"कडू!"

समोरच्या ओट्यावरून, विहिरीकडून आणि जयवंताकाकूंच्या तोंडून, सगळीकडून एकदम. मुक्ता माझ्या पायाशी बसली होती. ओठांपर्यंत गेलेले पान तिने टाकले. जयवंताकाकूंनी मातीचे हात तसेच ठेवून मनगटाने तिची हनुवटी वर केली, तोंडात पाहिले, आणि मान हलवली. काही नव्हते.

मुक्ताने आधी ओट्याकडे पाहिले, मग विहिरीकडे, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "तू का नाही ओरडलीस?"