काठावरचे ठसे

फार मागे, एका उन्हाळ्यात एक रान पार सुकलं होतं. डोंगरापलीकडच्या हत्तीने सोंडेने नदीचं पाणी आणायचं आणि रानातल्या गव्याने खड्डा खणून ओल्या मातीने लिंपायचा, असं ठरलं. दोघांनीही शब्द पाळला. खड्डा भरला.

मग हत्तीने काठावरच्या ओल्या मातीत पाय रोवला. "पाणी कुणी दिलं, ते पिणाऱ्याला कळायला हवं."

गव्याला ते झोंबलं. "खड्डा कुणी खणला मग?" म्हणत त्याने तो ठसा शिंगांनी खरवडला आणि आपला खूर उमटवला. हत्तीने शेजारीच पुन्हा पाय रोवला, आणखी जोरात.

मागे एक हरणी पाडसाला घेऊन उभी होती. पाडसाचे पाय लटपटत होते. "दादा, याला आधी दोन घोट पिऊ द्या. नाव दोघांचंही घेऊ आम्ही."

"थांब जरा, ठसा वाळू दे," दोघेही म्हणाले. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

त्यांच्या भाराने काठाची एक बाजू खचली. पाणी उतारावर गेलं आणि तापलेल्या मातीत जिरलं.

तो खड्डा अजून तिथे आहे, कोरडा. उरलेल्या काठावर ठसे मात्र दोघांचेही स्पष्ट दिसतात.