सायाळ आणि कांद्याची पात

एका डोंगराच्या उतरणीवर, करवंदीच्या जाळीमागे, एक सायाळ आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. सायाळ तुम्हाला माहीत असेल, बाळांनो. अंगभर लांब काटे असतात ती. आदल्या वर्षी तिची पिल्लं तीन होती. वैशाखात गवत जळालं, जमीन दगडासारखी झाली, उकरून उकरून नखं झिजली तरी एक कंद मिळेना, आणि एक पिल्लू उपाशीपोटी गेलं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. उरलेल्या दोघांतलं कुणी जरा जास्त वेळ झोपलं तरी ती हलवून जागं करायची.

थंडी सुरू झाली तशी ती डोंगराखालच्या गावाकडे गेली. एका घराच्या परसात कुणीतरी कोंब फुटलेले छोटे कांदे उकिरड्यावर टाकून दिले होते. ते तिने तोंडात धरून दहा-बारा खेपांत वर आणले. बिळापुढची माती भुसभुशीत करून वाफा केला आणि चार-चार बोटांवर एकेक कांदा लावला. शेपटीच्या पोकळ काट्यांत ओढ्याचं पाणी भरून आणायचं आणि वाफ्यावर शिंपडायचं, हे रोजचं काम झालं. ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या कासवाने तिची धडपड पाहिली आणि तिला जवळ बोलावलं.

"एकाचे पाच होतात हे कांदे," कासव म्हणालं. "वैशाख निघेल तुझा. फक्त पातीला हात लावू नकोस. पात उन्हात राबते, तेव्हा खाली कांदा भरतो. ती आपण होऊन पिवळी पडेल, मान टाकेल, मग काढ."

महिन्याभरात वाफा हिरवागार झाला. पिल्लांना त्या वासाने राहवेना. धाकटं तर सारखं पातीजवळ तोंड न्यायचं. सायाळ त्याच्या पंजावर चापट मारायची आणि सांगायची, अजून नाही, कांदा होऊ दे, उन्हाळ्यात पोटभर खा. पिल्लं शहाणी होती. ती वाफ्याच्या कडेला बसून टोळ हाकलायची, पण पातीचं एक टोकही त्यांनी कधी खुडलं नाही.

एके दिवशी ससीण आली. तिला दिवस गेले होते. "ताई, तोंडाला चव कसली नाही बघ," ती म्हणाली. "मूठभर पात दे. डोहाळे आहेत म्हणून मागते, एरवी मागितली नसती." गरोदर बाईला नाही कसं म्हणायचं? सायाळीने पात कापून दिली.

दुसऱ्या दिवशी वानरीण झाडावरून उतरली. तिच्याकडे म्हणे माहेरची माणसं आली होती. सायाळ जरा घुटमळली, तसं वानरिणीने डोळे बारीक केले. "ससणीला दिलीत ना वहिनी? मग आमचाच हात मोठा दिसतो का? राहू दे. काटेवाल्यांच्या दारात जाऊ नये म्हणतात, ते काही खोटं नाही." सायाळीला ते लागलं. तिने वानरिणीला ससणीपेक्षा जास्त दिली.

मग काय, बातमी रानभर झाली. कोल्हीण आली, घूस आली, भेकरीण तर दोनदा येऊन गेली. प्रत्येकीला मूठभरच हवी होती. जाताना जी ती म्हणायची, सायाळीसारखं मन कुणाचं नाही. खरं सांगायचं तर सायाळीला ते ऐकायला बरंही वाटत होतं. कापलेली पात पुन्हा फुटायची, पण दर खेपेला आधीपेक्षा बारीक.

धाकट्या पिल्लाने एकदा विचारलं, "आई, आम्ही मागितली तर नाही म्हणालीस. त्यांना कशी दिलीस?"

"तुम्ही घरचे रे. तुम्हाला नाही म्हटलं तर चालतं," सायाळ म्हणाली. "त्यांना नाही म्हटलं तर चार जणी काय म्हणतील?"

पिल्लू पुन्हा वाफ्याच्या कडेला टोळ हाकलायला गेलं.

ऊन तापलं, ओढा आटायला आला. सायाळीने वाफा उकरला. एकाचे पाच झाले होते खरे, पण एकेक कांदा बोराच्या बीएवढा. तिने सगळी माती तळापर्यंत उपसली, पुन्हा चाळली. वैशाख काढायचा होता, तिथे आठ दिवससुद्धा निघाले नाहीत.

तेव्हा ती शेजारी गेली. ससीण आपल्या चार गुबगुबीत पिल्लांना घेऊन सावलीत बसली होती. सायाळीने खाली मान घालून, पिल्लांपुरतं काही असेल तर दे, असं सांगितलं.

"माझीच चार आहेत ना गं," ससीण म्हणाली. "आणि असं बघू नकोस माझ्याकडे. आम्ही तुझा एक तरी कांदा घेतला का? पात तेवढी घेतली. तीसुद्धा तू हौसेनं दिलीस."

वानरीण उंबर खात फांदीवर बसली होती. तिने वरूनच सांगितलं की कांदा लावायला हाताला गुण लागतो, तो सगळ्यांच्या हाताला नसतो. कोल्हीण आणि भेकरीण तर सायाळीला येताना पाहूनच दुसऱ्या वाटेने गेल्या.

धाकटं पिल्लू रोज सकाळी उठून विचारायचं, आई, कांदा झाला का? सायाळ म्हणायची, होईल. रिकाम्या वाफ्याकडे बघत ते पुन्हा पडून राहायचं. एका सकाळी त्याने विचारलं नाही. ते उठलंच नाही.

पुढच्या थंडीत सायाळीने पुन्हा कांदे लावले. पात हिरवीगार झाली, तशी ससीण पिल्लांना घेऊन हजर. पोरं हट्ट करतात, मूठभर दे, म्हणाली.

"नाही," सायाळ म्हणाली.

ससीण पिल्लांना पुढे घालून निघून गेली. संध्याकाळपर्यंत रानात सगळ्यांना कळलं की पिल्लू गेल्यापासून सायाळीचा स्वभाव फार बिघडला आहे, दारात आलेल्या लेकरांनासुद्धा ती हात हलवत परत पाठवते. सायाळीच्या कानावरही ते आलं. ती वाफ्यातलं गवत उपटत होती. तिने मान वर केली नाही.

तात्पर्य : घरच्याला 'थांब' आणि दारच्याला 'घे' म्हणणाऱ्याचं नाव चार दिवस गोड होतं, उपास मात्र घरच्यालाच घडतो, आणि मूठभर नेणाऱ्याला आपण काय नेलं ते कधीच कळत नाही.