बर्फाच्या देशाचा ट्रक

"पण तात्या, आपल्याकडे बर्फ पडतो कुठं?"

उर्मिला मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं. तात्या बिरनाळे ड्रॉइंगवरची नसलेली धूळ फुंकत राहिले.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा याच तात्यांनी लष्कराचे मोडके ट्रक लिलावात उचलले, त्यांच्यावर सागवानी हौदे चढवले आणि कोल्हापूरबाहेरच्या माळावर कारखाना उभा केला. पुढं एका परदेशी कंपनीशी करार झाला. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथं जोडले जायचे. त्या कंपनीच्या ड्रॉइंगसाठी तात्यांनी वेगळी खोली ठेवली होती. आत जायचं ते चपला बाहेर काढून, हात धुऊन. आणि पेन्सिल न्यायची नाही.

उर्मिला इंजिनियर होऊन आली आणि तात्यांच्या हाताखाली सगळं शिकली. ही एवढी शिस्त मात्र तिच्या कधी पचनी पडली नाही.

"ड्रॉइंगमधी हीटर हाय," तात्या म्हणाले. "म्हणून हीटर बसतो."

"मे महिन्यात ड्रायव्हर त्या हीटरवर ओलं पोतं टाकतात, पाय भाजतात म्हणून. आणि रेडिएटर एवढासा. आंबा घाटात वळणावळणावर इंजिन उकळतंय."

"चाळीस वर्षं ट्रक बनवत्यात ती माणसं."

"त्यांच्या घाटांसाठी."

तात्या पुन्हा ड्रॉइंगवर फुंकर मारू लागले.

तासाभरात त्या कंपनीचे साहेब सही घ्यायला येणार होते. नव्या करारात अट होती, ड्रॉइंगमधली एक रेघही बदलायची नाही. आणि मागच्या शेडमध्ये उर्मिलेनं बांधलेला ट्रक उभा होता. हीटर नाही, रेडिएटर दीडपट मोठा. इकडे तात्यांची सही झाली की तिकडे तो भंगारात जाणार होता.

"सही करू नका तात्या. आधी माझा ट्रक घाट चढून दाखवू दे."

"आन् बंद पडला तर?"

"दुरुस्त करीन."

"पुन्यांदा पडला तर?"

"पुन्हा करीन."

"लोकं हसतील गं."

"हसू देत. तुमच्या भंगाराला काय कमी हसले होते?"

तात्यांनी ड्रॉइंग गुंडाळून बाजूला ठेवलं.

"तवा मला बापानं घराबाहेर काढलं हुतं," तात्या म्हणाले.

"मग तुम्हीही काढा."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग हात लांब करून दाराकडं बोट केलं.

"चल, नीघ. उद्यापासनं कामावर यायचं न्हाई."

उर्मिलेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं होतं. एरवी निघताना ती तात्यांच्या पाया पडायची. आज ताठ मानेनं बाहेर पडली, तडक मागच्या शेडमध्ये गेली, ट्रकवर चढली आणि इंजिन सुरू केलं. भंगारात जायचाच असेल तर घाट बघून जाऊ दे.

डावीकडचं दार करकरलं.

धोतर सावरत तात्या वर चढले आणि क्लीनरच्या जागेवर बसले.

ती बघतच राहिली.

"तात्या, साहेब येतायत. सही कोण करणार?"

"असंल कुणी तर करंल."

"म्हणजे मला परवानगी दिलीत?"

"न्हाई."

"कामावर परत घेतलंत?"

"न्हाई."

"मग चढलात कशाला?"

तात्यांनी काच खाली केली. कोपर बाहेर काढून ऐसपैस बसले…

"माझ्याकडं काय बघतीस? रस्ता तिकडं हाय."