गाठ नसलेला शेला

एका राज्यात, नदीच्या अलीकडच्या तीरावर, शूरवर्मा राजाचा अंमल होता. अंमल कसला, चांगले दिसले की रवाना भांडारात! उत्तम घडा, उत्तम नांगर, उत्तम शेला, सगळ्यावर राजाचा हक्क. लोक तरी कुठे दूधखुळे होते? कुंभार घड्याला मुद्दाम चीर पाडी, कोष्टी शेल्यात गाठ सोडी. पलीकडच्या तीरावर तीच माती, तोच पाऊस. पण तिथली गावे भरलेली आणि इथली ओस.

एकदा राजाने एका मांत्रिकाचा जादूचा दिवाही उचलून नेला. मांत्रिक शांतपणे म्हणाला, "राजा, तुझी कन्या पाषाण होत जाईल. तुझ्या राज्यात विणलेला, एकही गाठ नसलेला शेला अंगावर पडला, तरच सुटेल."

त्याच संध्याकाळी राजकन्या कुमुदिनीची पावले दगडाची झाली. एकुलती एक लेक ती. राजाच्या काळजाचे पाणी पाणी झाले. भांडारात धाव घ्यावी, तर तिथले जुने शेले वाळवीने कधीच फस्त केलेले.

राजवाड्यावरची साळुंकी बोलली, "पलीकडे आहे आणि इथे नाही, ते आण."

राजाने पलीकडचा कापूस आणला. शेल्यात गाठ. पलीकडचा माग आणला. पुन्हा गाठ. दगड कमरेपर्यंत चढला. तेव्हा तो स्वतः नावेत बसला आणि कोंडाबाई कोष्टिणीला घेऊन आला. ती मूळची इकडचीच, गाव सोडून गेलेली. पलीकडे तिच्या शेल्यात गाठ औषधालाही सापडत नसे. इथे मागावर बसली, आणि पुन्हा तीच गाठ.

"बाई, हात तर तेच ना?" राजाने विचारले.

"हात तेच, महाराज. तिकडे शेला माझा असतो."

दगड लेकीच्या गळ्याशी आला होता. राजाने भांडार उघडले, ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचवली, मांत्रिकाला दिवा दिला आणि दवंडी पिटवली, "ज्याने घडवले, त्याचेच."

कोंडाबाई पुन्हा मागावर बसली. साळुंकीने शेला या पदरापासून त्या पदरापर्यंत तपासला. गाठ नव्हती. तो अंगावर पडताच कुमुदिनीने श्वास घेतला, आणि राजा भर दरबारात रडला.

मग कोंडाबाई म्हणाली, "महाराज, माझा शेला."

राजाने स्वतः शेल्याची घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. त्याच संध्याकाळी, गाव सोडून गेलेल्यांची पहिली नाव पलीकडून परत आली.