आवळलेली बिजागरी

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या पोटात घाला. आठवीनंतर माझा आणि शाळेचा संबंध राहिला नाही. मोठे शब्द मला येत नाहीत. चारचौघांत बोलायला लागलो की अजून घाम फुटतो. पण ही गोष्ट पूर्ण ठाऊक असलेला मीच आहे, म्हणून साध्या शब्दांत लिहितो.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाला लागून गोल्फचे मैदान होते. तिथले गवत कापणाऱ्या माणसांचा मुकादम होता यमाजी. त्याला एकच मुलगी, वैजयंता. सगळे तिला वैजू म्हणत. कोणीतरी टाकून दिलेल्या गोल्फच्या काठीने ती लहानपणापासून खेळायला शिकली होती. तिचा चेंडू कधी सरळ ढगात जाई, कधी बाजूच्या झाडीत. पण सरळ गेला की लोक हातातला चहा विसरत.

सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार तिला शिकवत. शहरातल्या गोल्फच्या अकादमीत दोन मुली घेणार होते. राहणे, जेवण, शिक्षण, सगळे तिथेच. अर्जावर सुभेदारांची सही लागे, मग आमच्याच मैदानावर निवड. वयाची अट सोळा वर्षांच्या आतली. वैजूचे सोळावे संपत आले होते. म्हणजे तिच्या हातात हे एकच वर्ष होते.

सुभेदारांनी तिला सरावासाठी तीन साधने दिली. जमिनीवर ठेवायच्या दोन दांड्या, म्हणजे पाय दिशा सोडत नाहीत. काखेत धरायचा टॉवेल, म्हणजे हात अंगापासून सुटत नाही. ही दोन तिने आठवड्यात आत्मसात केली. तिसरी होती मोडती काठी. दिसायला इतर काठ्यांसारखीच, पण तिच्या मधोमध बिजागरी होती. एका लयीत फिरवली तर काठी सरळ राही. जरा हिसका दिला की ‘खट्’ असा आवाज करून दुमडून जाई.

वैजूला हिसका द्यायची खोड होती.

त्याच सुमारास सुभेदारांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसत. ते म्हणाले, “डोळे रजेवर आहेत, कान कामावर आहेत. ही काठी शंभर वेळा खट् न होता फिरव. त्या दिवशी अर्जावर सही करतो. निवडीपर्यंत चेंडूला मात्र शिवायचं नाही. चेंडू दिसला की हात शहाणपण विसरतात.”

वैजू फिरवी. खट्. पुन्हा फिरवी. खट्. गवत कापणारी माणसे हसत. “वैजे, आज किती मोडल्यास गं?” गल्लीतली पोरे तिला बघून तोंडाने खट् खट् करत. तिच्या तळहातांना फोड आले. एक दिवस ती ताटावरून तशीच उठली.

बापाला ते बघवले नाही.

गावात एक फिटर होता. सायकली, पंप, स्टोव्ह, जे येईल ते दुरुस्त करी. तो फिटर म्हणजे मी. यमाजीकाका ती काठी गोणपाटात गुंडाळून माझ्या दुकानात आले.

“लेका, ही बिजागरी एवढी आवळ, की मोडताच कामा नये.”

मी म्हणालो, “काका, पण मग...”

“पोरगी जेवत नाही रे. चार दिवस आनंदात खेळू दे. खेळता खेळता होईल सगळं नीट. तिला कळू द्यायचं नाही बरं का. तुझ्या हाताला यश आहे, गावाला माहीत आहे ते.”

पुढचे वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मग काठीचा उपयोग काय, असे मला विचारायचे होते. पण मोठ्या माणसाला कसे बोलायचे, असे वाटले. शिवाय कौतुक गोड लागले. मी बिजागरीत एक पितळी वॉशर घातला आणि पान्याने नट आवळला. काम दोन मिनिटांचे होते.

दुसऱ्या दिवसापासून खट् बंद झाले. वैजू जेवू लागली, हसू लागली. चौथ्या दिवशी तिने सुभेदारांसमोर शंभर फेऱ्या मारल्या. ते डोळे मिटून मोजत होते. “शंभर! एकही खट् नाही!” त्यांनी तिथेच सही केली. वैजू धावत माझ्या दुकानात आली. माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाली, “दादा, शंभर! एकदाही मोडली नाही!”

मी गूळ खाल्ला आणि म्हणालो, “शाब्बास.”

पुढचे तीन आठवडे ती रोज दुकानावरून जाताना आकडा सांगे. दोनशे. तीनशे. मी रोज शाब्बास म्हणे. खरे सांगतो, नट आवळलेला आहे हे मी विसरूनच गेलो होतो. यमाजीकाका तर येईल त्याला सांगत, “पोरीनं हिसका घालवला हो!” त्यांनाही ते खरे वाटू लागले होते.

निवडीचा दिवस आला. अकादमीचे पाहुणे आले, मांडव उभा राहिला. प्रत्येक मुलीला दहा चेंडू होते. मी दोरीमागे गर्दीत उभा होतो.

वैजूने पहिला चेंडू मारला. तो उजवीकडच्या आंब्यात गेला. लोकांना वाटले, घाबरली असेल. दुसराही आंब्यात गेला. तिसरा पाहुण्यांच्या चहाच्या टेबलावर आदळला आणि कपबशा फुटल्या. कोणी हसले नाही. आवळलेला नट मला तेव्हा आठवला. तीन आठवडे कोणी न टोकलेला हिसका तिच्या हाडात मुरला होता. पूर्वी दहातले पाच चेंडू तरी सरळ जात. त्या दिवशी एकही गेला नाही.

दहावा चेंडू मारून ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. “हे माझे हात नाहीत,” एवढेच ती म्हणाली. सुभेदार खुर्चीतून उठले होते. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मी ऐकलं होतं. शंभर वेळा ऐकलं होतं.”

दोन दुसऱ्या मुलींची नावे पुकारली गेली.

संध्याकाळी वैजू ती काठी घेऊन दुकानात आली. मागे यमाजीकाका होते. तिने साप मारावा तशी काठी फिरवली. काठी सरळच राहिली. तिने पुन्हा, त्याहून जोरात फिरवली. काठी सरळच.

“दादा, ही मोडत का नाही?”

बिजागरीतून पितळी वॉशरची कड चमकत होती. तसेच वॉशर माझ्या टेबलावर डब्यात पडले होते. तिने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मीच सांगितलं त्याला,” यमाजीकाका म्हणाले. “तुझं रडणं बघवेना गं.”

वैजू रडली नाही. ती रडली असती तर बरे झाले असते. “बाबा, तुम्ही काठीचं तोंड बांधलंत,” ती म्हणाली. “आणि मार मी खाल्ला.”

मग ती माझ्याकडे वळली. “आणि तू रोज शाब्बास म्हणत होतास.”

काठी तिथेच टाकून ती निघून गेली. यमाजीकाका मटकन पायरीवर बसले. मला त्यांना पाणी द्यायचेही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडले नाही. नट सैल केला, वॉशर काढून खिशात टाकला आणि काठी व पाना घेऊन मैदानावर गेलो. गवत कापणारी सगळी माणसे तिथे होती. वैजू एका कडेला बसली होती. मी सुभेदारांच्या पुढे उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी काय केले ते सांगितले. घाम फुटला, तरी थांबलो नाही. मग काठी आणि पाना वैजूच्या पुढे ठेवला. म्हणालो, “आता ही आवळायची का सैल ठेवायची, ते तुझ्या हातात.”

मग तिने पाना माझ्याकडे सरकवला, काठी उचलली आणि फिरवली.

खट्.

कोणी हसले नाही. तिने काठी सरळ केली आणि पुन्हा उचलली.

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्याचे तोंड बांधल्याने चूक जात नाही, ती फक्त मुकी होते आणि मुक्यानेच वाढते, आणि ते ठाऊक असूनही जो शाब्बास म्हणतो, तोही त्या चुकीचा भागीदार असतो.