तेवढीच झील

“...म्हणून म्हणतो, वस्ताद, समाज कुठं चाललाय ते त्याच्या गाण्यांवरून ओळखता येतं की नाही?”

हैबती वस्ताद डफ शेकत होते. तीन दगडांत चार काटक्या पेटवून त्यावर डफाचं कातडं हळूहळू फिरवत होते. उत्तर द्यायची घाई काही दिसली नाही.

प्रल्हादला मात्र थांबणं ठाऊक नव्हतं. प्राध्यापकाचा पिंड तो. समोर एक माणूस असो की भरलेलं सभागृह, व्याख्यान तेवढंच लांब. पुण्याहून सकाळी निघून तो माळावरच्या या भैरोबाच्या देवळात आला होता. लोकांच्या गाण्यांवरून लोकांचं भविष्य सांगणारं त्याचं पुस्तक पुरं होत आलं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं, आणि त्यासाठी त्याला वस्तादांचं एक जुनं गाणं हवं होतं.

लहानपणी याच वस्तादांच्या कलगीतुऱ्याच्या फडात त्यानं झील धरली होती. वस्तादांनी चरण म्हणायचा, मागं उभं राहणाऱ्यानं ‘जी र जी’ करत तो उचलायचा. हे उचलणं म्हणजे झील. झील पडल्याशिवाय पुढचा चरण घ्यायचा नाही, ही फडाची शिस्त. प्रल्हाद शिकायला गेला तो गेलाच. मागं एकटा भागूजी झीलकरी उरला होता, तोही दोन दिवाळ्यांमागं वारला. तेव्हापासून वस्ताद डफ रोज शेकत, वाजवत मात्र नसत.

भागूजी गेल्याचं प्रल्हादला इथं आल्यावर कळलं. त्याला वाईट वाटलं. मग त्यानं पुन्हा आपला विषय काढला.

“आता काय ऐकत्यात लोक?” वस्तादांनी विचारलं.

“सगळं ऐकतात. पण एकेकटे. कानात बोंडं घालतात आणि ऐकत बसतात. शेजारच्याला पत्ता नसतो.”

“तू बी?”

“मी बी.”

“मग झील कोण धरतं?”

प्रल्हाद हसला. “लागतच नाही, वस्ताद. ती गाण्यातच भरलेली असते. कुणी नसलं तरी आपली वाजते.”

“बरंय की,” वस्ताद म्हणाले. “कुणी नसलं तरी...”

काटक्या विझत आल्या होत्या. माळावर दूरवर एकही माणूस दिसत नव्हता.

प्रल्हादला पुण्यातलं आपलं घर आठवलं. संध्याकाळी कुलूप काढायचं, कानात गाणं घालायचं, एका कपाचा चहा ठेवायचा. रविवारी तर कधी कधी अख्खा दिवस तोंडातून शब्द निघत नसे. एकटं वाटायचं. फार वाटायचं. पण पुस्तकात त्यानं हे कुठंच लिहिलं नव्हतं. जगाचं भविष्य सांगणाऱ्यानं स्वतःचा हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यावं?

त्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तो देवळाच्या पायरीवर ठेवला. “ते बिनदाराच्या घराचं म्हणा, वस्ताद. फक्त तुमचा आवाज हवाय. मध्ये दुसरं काही नको.”

“दुसरं काय बी नगं?”

“अगदी स्वच्छ आवाज हवाय.”

वस्ताद उठले. ऐंशीच्या पुढचं अंग, उठताना गुडघे कुरकुरले. पण डफ छातीशी आला आणि खांदे सरळ झाले.

“बिनदाराच्या घराला रं, कुणी घातली कडी...”

आवाज चिरकला होता, पण फेक तीच होती. डफावर थाप पडली. वस्ताद थांबले.

प्रल्हादची छाती आपोआप श्वासानं भरली. इतक्या वर्षांनी ‘जी र जी’ घशाशी आलं. तेवढ्यात मोबाईलवरचा लाल ठिपका त्याला दिसला. त्यानं ओठ मिटले, आलेली झील गिळून टाकली आणि हातानं खूण केली, चालू द्या.

वस्ताद मान किंचित मागं वळवून उभे होते. भागूजी त्याच बाजूला उभा राहायचा. बोटं डफाच्या कडेवर नुसता ताल धरून होती.

...

प्रल्हादनं पुन्हा खूण केली.

...

डफ खाली आला. वस्ताद पायरीवर बसले.

“विसरलात का?”

“न्हाई.”

“मग पुढचं?”

“पुढचं कसं यील?”

प्रल्हाद वैतागला. एवढा हेलपाटा घालून पदरात काय, तर एक चरण! “अहो, मला पुढचंच तर हवं होतं. शेवटचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.”

“हाय ते लाव बघू.”

त्यानं लावलं. चरण आला. थाप आली. मग माळावरचा वारा. त्या वाऱ्यात कुणीतरी छातीभर श्वास घेतला, धरून ठेवला, आणि बऱ्याच वेळानं तसाच सोडून दिला.

वस्तादांनी मान वर केली. “ह्यो कोण?”

प्रल्हादचे कान तापले. “मीच... माझा श्वास आलाय मध्ये.”

“पुन्यांदा लाव.”

त्यानं पुन्हा लावलं. वस्तादांनी डोळे मिटून ऐकलं.

“काढून टाकता येतो तो,” प्रल्हाद घाईनं म्हणाला. “घरी गेलो की पुसून टाकतो, वस्ताद.”

वस्तादांनी मोबाईलवर हात ठेवला.

“नगं पुसू,” ते म्हणाले. “तेवढीच झील हाय.”