हंडीत विरलेले बळ

एका गडाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध धनुष्यकार राहत असे. त्याचा शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. येत्या दसऱ्याला शिष्याने घडवलेले धनुष्य गडावर ताणून पाहिले जाणार होते. टिकले तर तो स्वतंत्र कारागीर, मोडले तर गाठोडे बांधून घरी.

धनुष्याच्या पाठीवर जनावराच्या पायातील कंडरा, म्हणजे मांस हाडाला जखडून ठेवणारे पांढरे चिवट दोर, विंचरून सरसाने चिकटवतात. त्याआधी त्या थंड पाण्यात सावकाश भिजवाव्या लागतात. शिष्याला एवढा धीर कुठला! त्याने वर कढत पाणी ओतले. कंडरा आखडल्या आणि लिबलिबीत झाल्या.

"पाहा गुरुजी, किती लवकर भिजल्या!" तो ऐटीत म्हणाला.

वृद्धाने त्या चाचपल्या आणि सगळ्या हंडीत घालून चुलीवर चढवल्या.

"गुरुजी, हे काय करता? वर्षभर जमवलेला माल आहे तो!"

कंडरा विरघळून हंडीत दाट सरस उरला. वृद्धाने त्यातला थोडा वाळवून पट्टी केली आणि शिष्याच्या हाती दिली.

"वाकव."

पट्टी काटकन मोडली.

"हंडीतून वाफेखेरीज काही बाहेर गेलं का?"

"नाही, गुरुजी."

"मग बळ कुठं गेलं? बाळ, द्रव्य तेच आहे. कंडरेत सूक्ष्म तंतू एकमेकांत पिळलेले असतात. पिळांच्या जुड्या, जुड्यांचे दोर, सारे एका दिशेला आणि जागोजागी एकमेकांना धरून. म्हणून ताण आला की तो सगळे मिळून पेलतात. कढत पाण्यानं ते पीळ तू उसवलेस. मी फक्त तुझं काम पुरं केलं."

शिष्याची मान खाली गेली. "म्हणजे संपलं सगळं?"

"संपतंय कसलं? सरस तर लागतोच. माझ्याजवळच्या कंडरा घे, आणि याच सरसानं चिकटव."

या वेळी शिष्याने घाई केली नाही. तंतू न् तंतू विंचरून त्याने एका रेषेत बसवला.

दसऱ्याला गडावरच्या सर्वांत दांडग्या गड्याने ते धनुष्य कानापर्यंत ओढले. ते वाकले, कुरकुरलेही नाही, आणि सोडताच पूर्ववत झाले.

"असं कोणतं दुर्मिळ द्रव्य घातलंस यात?" गडकऱ्याने विचारले.

"द्रव्य सगळे घालतात तेच, महाराज. मी फक्त त्याची वीण मोडू दिली नाही."

वृद्धाची छाती अभिमानाने भरून आली. आजवर त्याने कोणाचे कौतुक म्हणून केले नव्हते. पण तो गर्दीतून पुढे झाला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा माझा शिष्य."